अनंताचं झाड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की अनंताबद्दलचे प्रश्न सुरू होतात, ते गणपतीपर्यंत थांबत नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातलं हवामान आणि इथली माती धरून आहेत. बहुतेक जण सुरुवातच ‘कोणतं खत घालू?’ अशी करतात. अनंताच्या बाबतीत उत्तर बहुधा खतात नसतं, मातीत आणि पाण्यात असतं. म्हणून बाकी काही वाचलं नाही तरी प्रश्न ११ वाचा.

१. अनंत म्हणजे नेमकं कोणतं झाड? गार्डेनिया म्हणतात ते हेच का?

हो, हेच. शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडीस. हिंदीत आणि बंगालीत याला गंधराज म्हणतात. चार ते आठ फुटांपर्यंत वाढणारं, बारा महिने हिरवं राहणारं झुडूप. कुळ कॉफीचं, म्हणजे एक्झोरा आणि कदंब ही याची भाऊबंद मंडळी.

झाड मूळचं दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम या पट्ट्यातलं. १७६१ मध्ये जॉन एलिस यांनी अमेरिकेतल्या चार्ल्स्टनचे डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक अलेक्झांडर गार्डन यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. त्या काळी युरोपात ते आफ्रिकेच्या केपमधून आलं असा समज होता, म्हणून काही जुन्या पुस्तकांत ‘केप जास्मिन’ असं नाव सापडतं. त्याचा ना केपशी संबंध, ना जाई-जुईशी.

गार्डेनियाच्याच वंशातली (जीनस), पण वेगळ्या जातीची आपल्या रानातली झाडं म्हणजे डिकेमाली. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा, उग्र वासाचा डिंक जमतो. काष्ठौषधींच्या दुकानात डिकेमाली म्हणून मिळतो तो हाच.

२. आमच्या दारात आहे ते डबल तगर की अनंत? नर्सरीवाला एक सांगतो, शेजारी दुसरं.

एक पान तोडा. देठातून पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो.

झाड फुलावर नसेल तेव्हाही पानावरून कळतं. अनंताचं पान जाड, कडक आणि चकचकीत असतं, शिरा आत दबलेल्या, जणू कुणी नखाने रेघा ओढल्यात. पानं समोरासमोर किंवा तिनाच्या फेऱ्यात येतात. कळी फिक्कट हिरवी, पीळ दिलेली आणि बहुधा फांदीच्या टोकाला एकटी. तगरीची फुलं लहान आणि घोसात येतात.

३. अनंतमूळ याच झाडाचं मूळ का? सरबत करता येईल का?

नाही. अनंतमूळ, म्हणजे उपळसरी, ही एक बारीक वेल आहे आणि तिचा या झाडाशी काही संबंध नाही. अनंताचं मूळ काढून काहीही करू नका. बंगालातलं गंधराज लिंबूही वेगळं, ते लिंबाचंच झाड आहे.

४. एकेरी घ्यावा की डबल? रोप निवडताना काय बघू?

फूल हवं असेल तर डबल. त्याचं फूल तळहाताएवढं भरतं. एकेरी अनंत साधारण सहा पाकळ्यांचा असतो, थोडा काटक असतो आणि त्याला फळं धरतात (प्रश्न २१). बुटका, पसरणारा प्रकारही मिळतो. छोट्या गॅलरीसाठी तो चांगला, फुलं मात्र लहान.

रोप घेताना सगळे कळ्या मोजतात. मी शेंड्याची पानं बघते. शेंड्याची नवी पानं हिरवीगार हवीत. ती पिवळसर असतील तर झाड आधीच आजारी आहे. मग पान उलटून पांढरा कापूस किंवा खवले आहेत का ते बघा. शेवटी पिशवीच्या तळाशी हात लावा. मुळं भोकातून बाहेर येऊन गुंडाळली असतील तर दुसरं रोप मागा. कळ्यांनी लगडलेल्या रोपापेक्षा चार फांद्यांचं, कमी कळ्यांचं रोप घरी लवकर रुळतं.

५. ऊन किती लागतं? आमची गॅलरी पश्चिमेला आहे.

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली, ही घाटावरची उत्तम जागा. पूर्वेची गॅलरी मिळाली तर प्रश्नच नाही. पश्चिमेच्या गॅलरीत मार्च ते जूनचा पहिला पाऊस एवढ्या काळात हिरवी जाळी बांधा, नाहीतर पानांच्या कडा भाजतात आणि कळ्या गळतात. पूर्ण सावलीत झाड जगतं, हिरवंही दिसतं, पण फूल देत नाही. कोकणातल्या दमट हवेत पूर्ण उन्हातलं झाडही छान फुलतं.

६. कुंडी केवढी घेऊ आणि माती कशी भरू?

लहान रोपाला दहा इंची, दोन वर्षांनी चौदा इंची. एकदम मोठ्या कुंडीत लहान रोप लावलं की न वापरलेली माती ओली राहून आंबते.

माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग धुतलेलं कोकोपीट, अर्धा भाग गांडूळखत किंवा जुनं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात.

या कुंडीत काय घालायचं नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. राख नाही. चुना नाही. अंड्याची टरफलं नाहीत, हाडांची पूड नाही. बांधकामाची उरलेली वाळू नाही, समुद्राची शिंपल्यांची वाळू तर अजिबात नाही. यातली प्रत्येक गोष्ट माती अल्कधर्मी करते, आणि अनंताला आम्ल माती लागते. सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा) पाच ते सहा असेल तर झाड खूष, साडेसहापर्यंत चालवून घेतं. गुलाबाला आणि टोमॅटोला टरफलं चालतात म्हणून आपण सवयीने सगळ्याच कुंड्यांत टाकतो, तेवढी सवय इथे आवरा.

७. पाणी रोज घालायचं का?

बोट पेरभर मातीत घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं असेल तर नको. एप्रिल-मेमध्ये कुंडीला रोज लागतं, पावसाळ्यात आठ-आठ दिवस लागत नाही. माती सतत दमट हवी पण चिखल नको. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका. कळ्या असताना एकदा जरी माती खडखडीत वाळली तरी पुढच्या चार दिवसांत कळ्या टाकल्या जातात.

पाणी किती यापेक्षा पाणी कुठलं हा प्रश्न मोठा आहे. तो ११ मध्ये घेतला आहे.

८. खत कोणतं आणि कधी?

थोडं आणि नियमित. फेब्रुवारी ते सप्टेंबर दर महिन्याला मूठभर कंपोस्ट आणि एक मोठा चमचा शेंगदाणा किंवा निंबोळी पेंड, बारा इंची कुंडीला एवढं पुरे. रासायनिक हवं असेल तर अमोनियम सल्फेट निवडा, पाव चहाचा चमचा लिटरभर पाण्यात, महिन्यातून एकदा. ते माती किंचित आम्ल करतं. थंडीत खत नको.

फुलं येत नाहीत म्हणून डीएपीचा मारा करू नका. जास्त स्फुरदामुळे मुळांना लोह मिळणं आणखी अवघड होतं. एप्सम सॉल्टचा उपयोग फक्त मॅग्नेशियम कमी असेल तेव्हा होतो, ते कसं ओळखायचं हे ११ मध्ये आहे.

९. नर्सरीतून पन्नास कळ्यांचं झाड आणलं, आठवड्यात सगळ्या गळल्या. फसवलं का?

नाही, फसवलेलं नाही. हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत हे घडतं. नर्सरीत हवेत भरपूर दमटपणा असतो, वर जाळी असते, पाणी ठरल्या वेळी मिळतं. तिथून झाड गाडीच्या डिकीत बसून येतं, मग तिसऱ्या मजल्यावरच्या वाऱ्यात उभं राहतं. अनंत अशा वेळी आधी कळ्या सोडतो, जीव वाचवतो.

आणल्यावर तीन आठवडे नर्सरीच्या पिशवीतच ठेवा. जागा एकदाच ठरवा आणि बदलू नका. लगेच कुंडी बदलणं, लगेच खत घालणं, आज इथे उद्या तिथे हलवणं, हे तिन्ही टाळा. पुढच्या हंगामाच्या कळ्या तुमच्या घरात धरतील, त्या टिकतील.

१०. झाड दोन वर्षांचं, आपल्याच घरचं. कळ्या येतात, फुगतात आणि न उमलताच तपकिरी होऊन पडतात.

आधी मे महिन्याचा उकाडा आठवा. रात्री साधारण १५ ते १८ अंशांपर्यंत गारवा असतो तेव्हा अनंत कळी चांगली धरतो. म्हणून आपल्याकडे थंडीत धरलेल्या कळ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून उमलायला लागतात. एप्रिल-मेमध्ये रात्रीसुद्धा पारा उतरत नाही, तेव्हा उशिराच्या कळ्यांमधल्या बऱ्याच गळतात. मुंबईत हे जास्त जाणवतं. हे आपल्या हातात नाही, फक्त दुपारची सावली आणि न चुकता पाणी एवढं करता येतं.

दुसरं कारण फुलकिडे. संशय असेल तर एक तपकिरी कळी पांढऱ्या कागदावर उकलून झटका. बारीक रेघेसारखे किडे चालताना दिसले तर निंबोळी तेलाची फवारणी करा (प्रमाण प्रश्न १८ मध्ये).

तिसरं कारण माती एकदा वाळणं, ते ७ मध्ये सांगितलं.

११. पानं पिवळी पडतायत. काय कमी पडतंय?

आधी कोणती पानं ते बघा. फोटो पाठवतानाही शेंड्याचा आणि बुंध्याजवळचा असे दोन पाठवा, कारण उत्तर त्यावरच ठरतं.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी: लोह मिळत नाही. आपल्याकडे दर चारातल्या तीन फोटोंत मला हेच दिसतं.

जुनी, खालची पानं सरसकट पिवळी: नत्र कमी. खत द्या.

जुन्या पानांच्या कडा पिवळ्या आणि देठाजवळ हिरवा बाणासारखा भाग शिल्लक: मॅग्नेशियम कमी. एप्सम सॉल्ट इथे कामाचं, चहाचा एक चमचा दोन लिटर पाण्यात.

सगळी पानं मलूल आणि माती ओली: मुळं सडतायत. पाणी बंद करा, झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं कापा, नव्या मातीत लावा.

फाल्गुन-चैत्रात आतली चार-सहा पानं पिवळी होऊन गळणं: काही नाही झालं. सदाहरित झाडही जुनी पानं टाकतंच.

आता लोहाबद्दल थोडं सविस्तर. मातीत लोह भरपूर असतं. पण सामू सातच्या वर गेला की ते मुळांना घेता येईल अशा रूपात उरत नाही. ताट वाढलेलं आहे पण हात बांधलेले आहेत, अशी झाडाची गत होते. आणखी खत घालून हात सुटत नाहीत.

हे मला माझ्याच झाडाने शिकवलं. दापोलीला आईच्या अंगणात, जांभ्या दगडाच्या लाल मातीत अनंत आहे. त्याला कुणी कधी विकतचं खत घातलं नाही, ज्येष्ठात तो पांढरा होतो. त्याचीच फांदी मी पुण्यात लावली. माती तिकडचीच, दोन पोती भरून आणलेली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडे लिंबासारखे पिवळे. मी खत वाढवलं, ते आणखी पिवळे झाले. मग एक दिवस कुंडीच्या काठावरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि त्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. आमच्या सोसायटीचं पाणी बोअरचं होतं. माती कोकणची होती खरी, पण दीड वर्ष मी रोज तिच्यात चुना ओतत होते.

घाटावरच्या बोअरच्या पाण्यात बहुधा बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी वाळतं, क्षार राहतात, आणि चांगली आम्ल मातीही हळूहळू अल्कधर्मी होते. नळावर, बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर तुमचं पाणी तसलंच आहे. उपाय सोपा आहे. पावसाचं पाणी साठवा आणि ते अनंतासाठी राखून ठेवा. घरातल्या एसीचं गळणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतात. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा, दोन चांगल्या सरींमध्ये साठलेले क्षार धुऊन जातात. दर दोन वर्षांनी वरची चार इंच माती बदला.

बोअरशिवाय पर्याय नसेल तर प्रश्न १२ आणि १३ वाचा.

१२. हिराकस घालायचं म्हणतात. किती आणि कसं?

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ताजं हिराकस फिक्या हिरव्या खड्यांचं असतं. तपकिरी-पिवळं पडलेलं घेऊ नका, ते उपयोगाचं राहत नाही.

अल्कधर्मी मातीत घातलेलं हिराकस थोड्याच दिवसांत पुन्हा अडकून बसतं, म्हणून ते पानांवर फवारा. लिटरभर पाण्यात दोन ते तीन ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत. संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीनदा. आधी एकाच फांदीवर करून बघा. जास्त झालं तर पानांवर काळे ठिपके पडतात. आणि खाली फरशी असेल तर वर्तमानपत्र पसरा, हिराकसाचे गंजाचे डाग निघत नाहीत.

मातीत द्यायचं असेल तर चिलेटेड लोह आणा आणि पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलंय का ते बघा. ‘ईडीटीए’ प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या पुढे गेला की मातीत टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ नऊपर्यंतही टिकतं. ते महाग असतं, पण थोडं पुरतं. पाण्यात घातलं की कोकमाच्या सरबतासारखा रंग येतो. पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा. आधीची पिवळी पानं फारशी सुधारणार नाहीत, नवा शेंडा हिरवा आला की काम झालं.

१३. विनेगर, ताक, चिंचेचं पाणी, कॉफीचा चोथा, तुरटी यांतलं काय चालेल?

विनेगर चालतं, पण बोअरच्या पाण्यातला अल्कपणा मारण्यापुरतंच. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पांढरं विनेगर, आठवड्यातून एकदा. चिंचेचं पाणीही आम्लच, पण त्याने कुंडीत बुरशी आणि चिलटं येतात. ताकाचंही तेच, मुंग्या वेगळ्या.

कॉफीचा वापरलेला चोथा आम्ल असतो हा गैरसमज आहे. आम्लता कपात उतरते, चोथा जवळजवळ उदासीन होतो. कंपोस्टमध्ये टाका, थर देऊन कुंडीत पसरू नका. तुरटी नको, ॲल्युमिनियम साठून मुळांना त्रास होतो.

गंधकाची पूड उपयोगी आहे, मात्र जिवाणू तिचं आम्ल करतात तेव्हाच, आणि त्याला दोन-तीन महिने लागतात. मातीतच चुनखडी असेल तर घरगुती प्रमाणातलं गंधक कमी पडतं. ते तपासायला मूठभर कोरड्या मातीवर विनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. नेमका सामू हवा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते का ते विचारा.

१४. आमची जमीन काळी आहे. मोठा खड्डा करून लाल माती भरून लावला तर?

बरेच जण हेच करतात आणि पहिल्या पावसाळ्यात झाड गमावतात. काळी माती पाणी धरून ठेवते. त्यात लाल मातीने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला हौद. आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि मुळं बुडतात. शिवाय दोन-तीन वर्षांत मुळं खड्ड्याबाहेर गेली की लोहाचा प्रश्न उभा राहतोच.

जमिनीवर दीड फूट उंच वाफा करा, विटांचा असेल तर सिमेंटशिवाय, नुसता रचलेला. त्यात प्रश्न ६ मधलं मिश्रण भरा आणि त्यावर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन. किंवा सरळ अठरा इंची कुंडीत ठेवा. सोलापूर, लातूरकडच्या मंडळींना मी कुंडीच सुचवते.

नव्या बांधलेल्या भिंतीच्या पायथ्याशी लावू नका. गिलाव्याचा चुना आणि सिमेंट कितीतरी वर्षं मातीत झिरपत राहतं.

१५. आम्ही सिंधुदुर्गात राहतो. हे सगळं करावं लागतं का?

नाही. कोकणात आणि गोव्यात जांभ्याची माती मुळातच आम्ल आहे. तुम्ही पाण्याचा निचरा बघा, पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका, आणि चुलीची राख या झाडाला घालू नका. बाकी झाड तुमचं आहे.

१६. छाटणी कधी करू?

फुलांचा बहर संपल्या संपल्या, साधारण श्रावणात. भाद्रपद संपायच्या आत उरका. त्यानंतर आलेल्या फुटीच्या टोकांवर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. दिवाळीनंतर नीटनेटकं दिसावं म्हणून कातरलं तर पुढच्या उन्हाळ्याची फुलं कापली असं समजा. दर छाटणीत तिसरा हिस्साच काढा, सुकलेल्या आणि आत घुसलेल्या फांद्या आधी. बहरात वाळलेली फुलं देठासकट खुडत राहा.

१७. झाड चार वर्षांचं, हिरवंगार, पण एकही फूल नाही.

हिरवंगार आहे म्हणजे मातीचा प्रश्न नाही. मग तीनच गोष्टी विचारते. ऊन किती तास? (प्रश्न ५.) छाटणी कधी केली? (प्रश्न १६.) आणि नत्राचं खत, विशेषतः युरिया, घालता का? युरियाने पानांचा डोंगर होतो आणि कळी राहून जाते. तिन्ही ठीक असूनही फूल नसेल तर झाड रात्री कुठे असतं ते बघा. बंद गॅलरीत किंवा एसीच्या बाहेरच्या यंत्राशेजारी ठेवलेल्या झाडाला थंडीतला रात्रीचा गारवा मिळतच नाही.

१८. पानांच्या बगलेत पांढरा कापूस आणि पानांवर काळी काजळी. धुतली तरी परत येते.

कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषून चिकट गोड पाणी टाकतो, त्यावर काळी बुरशी वाढते. म्हणून नुसती काजळी धुऊन उपयोग नाही. थोडा असेल तर कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन मिली भांडी घासायचं पातळ साबण, चांगलं ढवळून पानांच्या खालून फवारा. संध्याकाळीच करा, उन्हात पानं भाजतात. सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा.

मुंग्या चढत असतील तर त्या थांबवा. त्या गोड पाण्यासाठी ढेकणांना सांभाळतात, एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही ठेवतात. मावा, खवले आणि पांढरी माशी यांनाही हाच उपाय.

१९. एका रात्रीत शेंडे खाल्ले. अळी हिरवी, जाड, शेपटीला शिंगासारखा काटा. विषारी आहे का?

नाही. काटा मऊ असतो, टोचत नाही. पानांखाली दडल्यामुळे दिसत नसेल तर फरशीवर पडलेले हिरवट-काळे दाणे शोधा, ते तिचे. त्याच्या सरळ वर बघा, अळी सापडते.

ही सेफोनोडीस हायलास या पतंगाची अळी. पतंग दिवसा उडतो, पिवळसर-हिरव्या लवेचं अंग आणि पारदर्शक पंख, फुलासमोर हवेत एका जागी तरंगत लांब सोंडेने मध पितो. लांबून भुंगाच वाटतो. कोशातून निघतो तेव्हा पंखांवर खवले असतात आणि पहिल्याच उड्डाणात ते झडून पंख काचेसारखे होतात.

झाड मोठं असेल तर दोन-चार अळ्या राहू द्या, ते पुन्हा फुटतं. लहान रोपावर असतील तर उचलून मोठ्या झाडावर ठेवा. यासाठी औषध फवारू नका.

२०. फांदीपासून रोप कसं करू?

आषाढ-श्रावणात. ना कोवळी ना जून अशी, पाच-सहा इंचांची शेंड्याची फांदी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन जोड्या ठेवा आणि पानं अर्धी कापा. मुळं फुटायची पावडर लावून कोकोपीट आणि वाळूत खोचा. वरून कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घाला, सावलीत ठेवा. सहा ते आठ आठवडे लागतात. मध्येच उपटून मुळं आली का बघू नका. काचेच्या पेल्यात पाण्यातही मुळं फुटतात, पाणी दोन दिवसांनी बदला.

जाड फांदी असेल तर गुटी कलम जास्त खात्रीचं. इंचभर साल गोल काढा, ओलं मॉस बांधा, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळा.

२१. फळ धरतं का? बी लावता येतं?

एकेरी अनंताला धरतं, उभ्या कंगोऱ्यांचं, पिकल्यावर नारिंगी. डबलला सहसा नाही, कारण त्याचे पुंकेसर पाकळ्या होऊन बसलेले असतात. या फळात क्रोसिन असतं, केशराला रंग देणारं तेच द्रव्य. जपानमध्ये मुळ्याचं पिवळं लोणचं याच फळाने रंगवण्याची जुनी पद्धत आहे. घरी मात्र खाण्यात वापरू नका. बियांपासून रोप होतं, पण फुलायला वर्षं लागतात. प्रश्न २० ची वाट जवळची.

२२. घरात कुत्रा, मांजर आहे. चालेल का?

पानं-फुलं खाल्ली तर त्यांना उलट्या, जुलाब होऊ शकतात. चघळायची सवय असलेलं जनावर असेल तर झाड उंचावर ठेवा आणि खाल्लंच तर पशुवैद्यांना विचारा.

२३. अनंत चतुर्दशीच्या पूजेला हेच फूल लागतं का? आणि याचा गजरा होतो का?

नाही. त्या व्रतात महत्त्वाचा तो चौदा गाठींचा दोरा, अनंत तिथे विष्णूचं नाव आहे. भाद्रपदात झाडावर फार तर चुकार फूल असतं. मिळालं तर जरूर वाहा.

गजरा होत नाही. देठ आखूड, फूल जड, आणि पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो. अंबाड्यात एकच फूल माळतात, पानासकट. संध्याकाळी उमलत्या वेळी, देठाला धरूनच खुडा. पाणी भरलेल्या उथळ वाटीत तरंगत ठेवलं तर दोन दिवस खोली दरवळते. पांढरं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सायीसारखं आणि मग पिवळं होतं, तो रोग नाही, वय आहे. आत बारीक काळे किडे असतील तर उलटं धरून हलकं झटका.

२४. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे जगेल का?

कुंडीत, हो. उन्हाळ्यात बाहेर, थंडीत आत. घरात आणल्यावर हीटरची कोरडी हवा त्याला मानवत नाही, लाल कोळी ही बारीक कीड लागते आणि कळ्या पडतात. दक्षिणेकडची सर्वांत उजेडाची खिडकी द्या, कुंडीखाली खडे आणि पाणी असलेला ट्रे ठेवा, तळ पाण्याला टेकू देऊ नका. रात्री १६-१७ अंशांची खोली मिळाली तर उत्तम. जॉर्जिया, फ्लोरिडा, कॅरोलिनाकडचे लोक तो अंगणातच लावतात. तिथे दुकानात ‘आम्लप्रिय झाडांसाठी’ असं वेगळं खत आणि माती तयार मिळते, तीच घ्या.

२५. जुनं घर पाडायला देतोय. अंगणात आजीने लावलेला तीसेक वर्षांचा अनंत आहे. हलवता येईल का?

येईल, पण एवढ्या जुन्या झाडाची खात्री कुणीच देऊ शकत नाही. म्हणून हलवण्याच्या आधी त्याची रोपं करून घ्या. पाऊस सुरू झाला की वेगवेगळ्या फांद्यांवर चार गुट्या बांधा. गुटीचं रोप म्हणजे तेच झाड, आजीच्याच हातचं. दीड-दोन महिन्यांनी मुळं पांढरी दिसली की कापून कुंडीत लावा.

मग मूळ झाड. पावसाळ्यातच हलवा, बहर संपल्यावर. पंधरा दिवस आधी बुंध्यापासून दीड फुटावर गोल चर खणून बाजूची मुळं कापून घ्या, चर पालापाचोळ्याने भरा. हलवायच्या दिवशी निम्म्या फांद्या छाटा, मातीचा गड्डा गोणपाटात बांधा आणि फुटू देऊ नका. झाडाच्या पूर्वेकडच्या फांदीला एक दोरा बांधून ठेवा, नव्या जागी तीच फांदी पूर्वेला येऊ द्या. पहिला महिनाभर वर जाळी, खत अजिबात नाही. बांधकाम संपून ते त्याच अंगणात परत लावणार असाल तर आधी तिथला राडारोडा दोन फूट खोल काढून टाका, आणि चार गुट्यांपैकी दोन तोपर्यंत नातेवाइकांच्या घरी ठेवा.